सातबारा उतारा आणि साखर उतारा यातला ‘उतारा’ एकच का? या शब्दाचे एकूण अर्थ किती?

एकच नाही: सातबारा उतारा म्हणजे सरकारी नोंदवहीतून उतरवून घेतलेली नक्कल, तर साखर उतारा म्हणजे गाळलेल्या उसाच्या वजनातून मिळालेल्या साखरेची टक्केवारी. दोन्ही ‘उतरणे’वरूनच आले, पण पहिल्यात लिहून उतरवणं आहे आणि दुसऱ्यात माल हाती उतरणं.

तलाठ्याकडचा उतारा गाव नमुना 7 (हक्काची नोंद) आणि 12 (पिकांची नोंद) यांचा असतो. 8अ हा खातेउतारा, म्हणजे एका खातेदाराच्या गावातल्या सगळ्या जमिनीचा. मराठीच्या पेपरातला उतारा याच घरातला, पुस्तकातून घेतलेला.

साखरेचा मामला पैशाचा आहे. 2022-23 च्या हंगामापासून एफआरपीचा (केंद्राने ठरवलेल्या उसाच्या किमान दराचा) मूळ दर 10.25 टक्के उताऱ्यावर ठरतो, म्हणजे टनाला 102.5 किलो साखर. त्यावर उतारा चढला की दरही वाढतो. मात्र हा उतारा कारखान्याचा सरासरी धरतात, तुमच्या फडाचा नाही. आणि ‘एकरी 40 टन उतारा पडला’ असं कोणी म्हणालं तर ते उसाचं वजन सांगतायत, साखर नव्हे. गल्लत बहुतेक इथेच होते.

उरलेले पटकन:
- विषावरचा उतारा: त्याचा असर उतरवणारं औषध.
- ओवाळून तिठ्यावर ठेवलेला उतारा: नारळ, लिंबू, दहीभात वगैरे.

रस्त्याचा असतो तो ‘उतार’. त्याला काना लावू नका.