बालवर्गात 'पावसाळा' हा विषय दोन आठवडे घ्यायचा आहे. मुलं चार-पाच वर्षांची आहेत. भिंत कशी सजवू आणि कोणतं हस्तकाम घेऊ?

भिंत कोरी ठेवा. कापसाचे ढग, निळे कागदी थेंब आणि पंचवीस एकसारख्या छत्र्या पहिल्याच दिवशी लागल्या की मुलांना करायला काही उरत नाही. तुम्ही मुलांचं वय चार-पाच लिहिलं आहे. या वयात विषय दोन आठवडे टिकायचा तर रोज बदलणारं आणि मुलाला स्वतः मोजता येणारं काहीतरी हवं. पाऊस नेमका तसा आहे.

'एवढ्याशा मुलांना मोजमाप झेपत नाही' हे मला अजिबात मान्य नाही. मिलिमीटर झेपत नाहीत, हे खरं. पण मोजायला आकडा लागतोच असं नाही, कागदाची पट्टी पुरते.

सरळ उभ्या बाजूंचं पारदर्शक भांडं घ्या. कापलेली बाटली चालेल, पण तिचा तळ खाचाखोचांचा असतो. तळाशी खडे टाका, म्हणजे वाऱ्याने ती कलंडणार नाही. खडे आणि खाचा बुडतील एवढं पाणी भरा आणि त्या पातळीवर बाहेरून चिकटपट्टी लावा. ही शून्याची रेघ. बाटली भिंत किंवा झाडापासून लांब ठेवा; अडथळा जेवढा उंच, त्याच्या निदान दुप्पट अंतरावर. पागोळ्यांखाली ठेवलीत तर छपराचं पाणी मोजलं जाईल. रोज ठरलेल्या वेळी एका मुलाने कागदी पट्टीचं टोक शून्याच्या रेघेला लावायचं, पाण्याच्या पातळीवर खूण करायची, तिथे पट्टी कापायची आणि भिंतीवरच्या तक्त्यात त्या वाराखाली चिकटवायची. मग जास्तीचं पाणी रेघेपर्यंत ओतून टाकायचं. कोरड्या दिवशी पाणी उडून रेघेखाली जातं, ते भरून घ्या आणि त्या वाराची जागा रिकामीच सोडा. रिकामी जागा हीसुद्धा नोंद आहे. दोन आठवड्यांत मुलांनी स्वतः केलेला स्तंभालेख भिंतीवर असेल. तुम्ही विचारलेली सजावट तीच.

यात एक अडचण हमखास येते. हलक्या पावसात पातळी दोन-तीन मिलिमीटर चढते आणि तेवढी पट्टी लहान बोटांना कापता येत नाही. त्यासाठी बाटलीवर नरसाळं बसवा. नरसाळ्याचं तोंड बाटलीच्या दुप्पट रुंद असलं तर पाणी चौपट चढतं. मात्र मग मुसळधार पावसाला बाटली उंच लागते, नाहीतर ती भरून वाहते आणि त्या दिवसाची पट्टी खोटी ठरते. मध्येच बाटली किंवा नरसाळं बदलू नका. या वयाचं मूल पाण्याची उंची पाहून 'जास्त' ठरवतं. अरुंद ग्लासात ओतलेलं तेवढंच पाणी त्याला जास्त वाटतं. बालमानसशास्त्रज्ञ ज्याँ पियाजे यांनी हे प्रयोग करून दाखवलं आहे.

हस्तकाम हवंच असेल तर टोकदार थेंब कापायला देऊ नका, कारण पावसाचा थेंब तसा नसतोच. छोटा थेंब गोल असतो, मोठा खालून चपटा होतो. त्यापेक्षा थेंब पकडू द्या. हिमकणांच्या छायाचित्रांसाठी ओळखले जाणारे अमेरिकन शेतकरी विल्सन बेंटली यांनी १९०४ मध्ये थेंबांच्या आकारमानावरचा आपला अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनी थेंब पकडले होते ते पिठात. उथळ ताटात दोन-अडीच सेंटिमीटर बारीक पीठ चाळून घ्या, दाबू नका. ताट झाकून बाहेर न्या, तीन-चार सेकंद पावसात उघडा, पुन्हा झाका. पडलेल्या प्रत्येक थेंबाची पिठात एक गोळी होते. त्या गोळ्या वाळू द्या आणि मग पीठ अलगद चाळा. जेवढा थेंब, साधारण तेवढी गोळी. मुलं त्या लहान-मोठ्या लावतात, मोजतात, रिमझिम आणि सरीच्या गोळ्या वेगळ्या ठेवतात. पीठ पातळ पसरलं तर थेंब तळावर आपटून चपटे होतात, ताट जास्त वेळ उघडं राहिलं तर नुसता चिखल होतो.

डबक्याभोवती खडूची रेघ ओढणंही चांगलं. खडू ओल्या जमिनीवर उमटत नाही, म्हणून रेघ बाहेरच्या कोरड्या कडेने काढा आणि तासाभराने आत दुसरी. एक डबकं उन्हातलं आणि एक सावलीतलं निवडा, दोन्ही फरशीवरची. मातीवर पाणी मुरतं, मग ते कुठे गेलं हे मुलाला उलगडत नाही. खिडकीला थोडं पाणी घातलेली बंद पिशवी चिकटवून दाखवतात ते जलचक्र या ऋतूत घेऊ नका. त्याला ऊन लागतं, आणि ढगाळ हवेत पिशवीत दिसण्यासारखं काही घडत नाही.

पाऊस आलाच नाही तर? मग झारीने पाडा, पण त्याची पट्टी वेगळ्या रंगाची लावा, खऱ्या पावसात मिसळू नका. गव्हाची ॲलर्जी असलेलं मूल वर्गात असेल तर तांदळाचं पीठ घ्या. वीज चमकत असेल तर कोणीही बाहेर जायचं नाही, तुम्हीसुद्धा. पाणी साठलेल्या बादल्या, टब लगेच उपडे करा. लहान मूल काही सेंटिमीटर पाण्यातही बुडू शकतं. बाटलीतलं रेघेखालचं पाणी आठवड्यातून एकदा पूर्ण बदला, नाहीतर त्यात डासांच्या अळ्या होतात.