पोटाच्या तातडीच्या ऑपरेशननंतर : तुमचे प्रश्न

प्रश्न : आतडं फुटल्यामुळे वडिलांचं रात्रीच ऑपरेशन झालं. सर्जन म्हणतात, नीट पार पडलं. मग व्हेंटिलेटर आणि बीपीचं औषध अजून कशाला?

भोक बंद झालं, पोट धुतलं. पण जंतुसंसर्गाचा दणका शरीराला आधीच बसलेला असतो. रक्तवाहिन्या सैलावतात, बीपी उतरतं. नॉरअॅड्रिनलिनने आम्ही ते सावरतो, सरासरी दाब ६५च्या आसपास राखतो. नातेवाईक मॉनिटरकडे टक लावून बसतात, मी आधी लघवीची पिशवी बघतो. ६० किलोच्या माणसाला तासाला निदान ३० मिली लघवी हवी. डॉक्टरांना दोनच गोष्टी विचारा : लॅक्टेट (पेशींना ऑक्सिजन कमी पडला की रक्तात वाढणारा घटक) उतरतंय का? औषधाचा डोस कमी होतोय का? कालच्यापेक्षा आज काय, यावर सगळं असतं. एकट्या आकड्यावर जीव टांगू नका.

प्रश्न : आतडं कापून जोडलंय. मावशी चौथ्या दिवसापर्यंत ठीक होती. आज नाडी १२०, पोट फुगलंय. ड्रेनमधून (पोटातलं पाणी बाहेर काढणारी नळी) मात्र काही वावगं येत नाही. थांबावं का?

थांबू नका, सर्जनना आत्ताच सांगा. वेदना, पाणी कमी पडणं, फुप्फुसातली गुठळी अशी कारणं असू शकतात; पण जोड गळतोय का, हा प्रश्न आधी निकालात काढायचा. ताप येण्याआधीच नाडी वाढलेली असू शकते. ड्रेन स्वच्छ म्हणून निर्धास्त होण्यात अर्थ नाही : नळी तुंबते, किंवा गळती तिच्यापासून लांब असते. बहुधा सीटी स्कॅन करतात. पेशंट झपाट्याने ढासळत असेल तर स्कॅनची वाट न बघता पोट पुन्हा उघडावं लागतं. हे ऐकून घरचे खचतात, ते स्वाभाविकच. पण इथे उशीरच जास्त घातक.

प्रश्न : खायला कधी देणार?

बीपी स्थिर असेल तर बहुतेकदा २४ ते ४८ तासांत, अन्न द्यायच्या नळीतून थोडंथोडं. गॅस सरेपर्यंत उपाशी ठेवायची पद्धत आता मागे पडलीय.

प्रश्न : आई रात्री भलतंच बोलते, सलाइन उपसते. डोक्यावर परिणाम झाला का?

याला डिलिरियम म्हणतात. आयसीयूत, विशेषतः वयस्करांत, नेहमी दिसतो आणि बहुतेकदा ओसरतो. मात्र संसर्ग, ऑक्सिजन, साखर तपासायलाच हवी. तुम्ही तिचा चष्मा आणि श्रवणयंत्र आणून द्या. ते घरी कपाटातच राहिलेलं असतं.