सी प्रोग्राममध्ये हॅश टेबल (की वरून नोंद शोधायची रचना) मोकळं करताना व्हॅलग्राइंड (मेमरीच्या चुका शोधणारं साधन) ‘इनव्हॅलिड रीड ऑफ साइझ ८’, म्हणजे ८ बाइटांचं अवैध वाचन, का दाखवतो?

लूपमध्ये बहुधा तुम्ही आधी नोड (साखळीतली एक नोंद) फ्री करता, म्हणजे त्याची मेमरी परत देता, आणि मग त्याच नोडमधून नेक्स्ट (पुढच्या नोडचा पत्ता) वाचता. ६४-बिट मशीनवर ते ८ बाइट म्हणजे बहुधा तो नेक्स्ट पॉइंटरच. नेक्स्ट आधी वेगळ्या पॉइंटरमध्ये ठेवा, मग की फ्री करा, मग नोड. बकेटांचा (नोडांच्या साखळ्या जिथून सुरू होतात त्या खणांचा) ॲरे सगळ्यात शेवटी.

तो ॲरे मॅलॉकने (मेमरी मागणाऱ्या फंक्शनने) घेतलाय का? मॅलॉक मेमरी शून्य करून देत नाही, मग रिकाम्या बकेटमधल्या कचऱ्यालाच पत्ता समजून लूप धावत सुटतो. कॅलॉक वापरा, ते शून्य केलेली मेमरी देतं. की कॉपी करताना स्ट्रलेनने दिलेल्या लांबीपेक्षा १ बाइट जास्त घ्या, स्ट्रिंगच्या शेवटच्या शून्यासाठी. ही चूक फार दिवस लपून राहते.

व्हॅलग्राइंडआधी डीबग माहितीसह कंपाइल करा, ओळ क्रमांक मिळतील. पहिली चूक आधी दुरुस्त करा, खालच्या बऱ्याचदा तिचीच पिल्लं असतात.