मुरघासाच्या आंबटपणाने म्हशीच्या पोटातले जंतू मरतात का?

तुम्ही विचारलंय की गोरेगावच्या तबेल्यात पेंढा बंद करून मक्याच्या मुरघासाच्या (हवाबंद करून आंबवलेला हिरवा चारा) बॅगा चालू केल्या, पंधरा दिवसांत दुधाची फॅट 7.2 वरून 6.4 वर आली, शेण सैल झालं, आणि शेजारचे म्हणतात आंबट खाऊन पोटातले जंतू मरतात, तर मुरघास बंद करू का. नका करू बंद. मुरघासाच्या आंबटपणाने जंतू मरत नाहीत. तुम्ही पेंढा एका दिवसात तोडलात, घोळ तिथे झालाय, आणि तो निस्तरता येतो.

मी परळच्या व्हेटर्नरी कॉलेजात शिकलो, आता आरे, गोरेगाव, जोगेश्वरीकडचे तबेले बघतो. कॉलेजात पहिल्यांदा कोटीपोटातल्या (म्हशीचं पहिलं मोठं पोट, जिथे चारा आंबतो) पाण्याचा थेंब मायक्रोस्कोपखाली बघितला तो अजून डोळ्यासमोर आहे. काच कोमट ठेवावी लागते, गार झाली की सगळं थांबतं. हिरवट थेंबात प्रोटोझोआ, म्हणजे एका पेशीचे जीव, एकमेकांना धक्के देत पळत होते, काहींच्या पोटात गिळलेले स्टार्चचे कण दिसत होते. एका मिलीलिटरात हे लाखांनी असतात आणि बॅक्टेरिया 1000 कोटींच्या आसपास. म्हैस चारा खाते म्हणजे खरं तर यांना खायला घालते, मग यांनी बनवलेल्या आम्लांवर आणि शेवटी यांच्याच शरीरातल्या प्रोटीनवर ती जगते.

आता आंबटपणाचा हिशोब बघा. चांगल्या मुरघासाचा पीएच (आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं जास्त आंबट) 4 च्या आसपास असतो, कोटीपोटाचा 6 ते 7, त्यामुळे ऐकणाऱ्याला भीती वाटणारच. पण 20 किलो मुरघासात कोरडा भाग साधारण साडेसहा किलो, त्यात लॅक्टिक आम्ल फार तर 300-400 ग्रॅम, तेही दिवसभरात थोडं थोडं जाणार. समोर म्हशीची लाळ, मोठं जनावर दिवसाला 100 लिटरच्या आसपास लाळ गिळतं आणि लाळेत सोडा असतोच. वर मेगास्फेरा नावाचे बॅक्टेरिया तर लॅक्टिक आम्लावरच जगतात, ते खाऊन प्रोपिऑनिक आम्ल बनवतात. फक्त ते पुरेसे वाढायला दोन-तीन आठवडे लागतात, आणि तेवढा वेळ आपण त्यांना देत नाही.

बदल होतो तो वेगळ्या कारणाने. भाताचा पेंढा म्हणजे नुसता रेषा (फायबर), तो पचवणारे बॅक्टेरिया म्हणजे फायब्रोबॅक्टर, रुमिनोकोकस, आणि त्यांच्या जोडीला बुरशी, जी पेंढ्याची कडक काडी आतून फोडते. (कोटीपोटात बुरशी असते हे कॉलिन ऑर्पिन यांनी 1975 मध्ये दाखवून दिलं, तोपर्यंत तिचे पोहणारे बीजाणू लोक प्रोटोझोआच समजत होते, मला या गोष्टीचं आजही नवल वाटतं.) कणसासकट केलेल्या मक्याच्या मुरघासात दाण्याचा स्टार्च येतो, बारीक कुट्टी येते, म्हैस कमी चावते, रवंथ कमी, लाळ कमी. स्टार्च खाणारे जोरात वाढतात, पीएच 6 च्या खाली उतरला की रेषा पचवणारे सुस्तावतात. रेषेपासून ॲसेटिक आम्ल बनतं, त्यातून दुधाची फॅट बनते, स्टार्चकडून प्रोपिऑनिक जास्त येतं ज्यातून दुधाची साखर बनते. म्हणून फॅट उतरली. दूध लिटरने वाढलंय का तेही मोजा, बऱ्याच वेळा तिकडे वाढलेलं असतं आणि लक्ष फक्त फॅटवर असतं.

एका तबेल्यात पावसाळ्यात पेंढ्याचा ट्रक आला नाही, मालकाने रात्रीत सगळ्या म्हशी मुरघासावर घेतल्या आणि मक्याचा भरडा होता तेवढाच ठेवला. तिसऱ्या दिवशी मला बोलावलं तेव्हा तीन म्हशी गव्हाणीकडे बघत पण नव्हत्या. नळीने कोटीपोटातलं पाणी काढलं, वास आंबूस उग्र, रंग दुधट, मायक्रोस्कोपखाली मोठा प्रोटोझोआ एकही नाही, कारण पीएच पडला की आधी मोठे मरतात. तिथे मी आधी भरडा थांबवला, पेंढा शोधून आणला, आणि निरोगी म्हशीचं कोटीपोटातलं पाणी या तिघींना पाजलं. वाचल्या, पण वेत संपेपर्यंत दूध पूर्वीसारखं नाही आलं. मुरघास तोच होता, बाजूच्या तबेल्यात हळूहळू चालू केला होता, तिथे काहीच झालं नाही.

तुम्ही आता काय करायचं, तर मुरघास 5-6 किलोवर आणा, दर तीन-चार दिवसांनी 2-3 किलो वाढवत तीन आठवड्यांत 15-20 किलोपर्यंत जा. पेंढा किंवा कडबा 3-4 किलो कायम ठेवा आणि सकाळी आधी तोच टाका, भरडा कमी करा कारण मक्याचा दाणा मुरघासातून जातोच आहे. मुरघासात प्रोटीन 7-8 टक्केच, त्यामुळे सरकी पेंड तोडू नका, जंतूंना वाढायला नायट्रोजन तिथूनच मिळतो. खायचा सोडा 50 ते 100 ग्रॅम खुराकात चालेल, पण पेंढ्याची जागा तो घेत नाही. आणि आपल्या मुंबईच्या दमट हवेत उघडलेली बॅग एक-दोन दिवसांत संपवाच, गरम लागणारा किंवा बुरशी दिसणारा भाग फेकून द्या, बुरशीचं अफ्लाटॉक्सिन नावाचं विष दुधात उतरतं आणि ते दूध कोणाचं तरी लेकरू पितं.

खरं सांगू, आपल्याकडे ज्या दिवशी जो चारा स्वस्त मिळेल तो टाकायची सवय आहे, आज पॅरा गवत, उद्या कडबा, परवा नुसता पेंढा. जंतूंना त्याचाच जास्त त्रास होतो. बारा महिने एकसारखा मिळणारा मुरघास नीट बसवला तर उलट फायदाच आहे, मी त्याच्या बाजूचा आहे.

उद्या सकाळी एका म्हशीचं वाटीभर ताजं शेण पिठाच्या चाळणीत घेऊन नळाखाली धुवा. लांब काड्या आणि अख्खे मक्याचे दाणे राहिले तर फोटो टाका, आणि दुपारी म्हशी बसल्यावर दहातल्या किती रवंथ करतायत तेही मोजून लिहा, मग भरडा किती कमी करायचा ते नेमकं सांगतो.