श्रीखंडाच्या डब्यातलं इंजेक्शन

"ताई, मी ४८ वर्षांची. घरी सासूबाई, नवरा, दोन मुलं. धाकटे दीर-जाऊ खालच्याच मजल्यावर राहतात. गेल्या वर्षी वजन ८६ किलो होतं, साखर काठावर, लिव्हरवर चरबी, गुडघे कुरकुरायला लागलेले. डॉक्टरांनी सेमाग्लुटाइडचं आठवड्याला एक इंजेक्शन सुरू केलं आणि दहा महिन्यांत मी ७४ वर आले. हे फक्त नवऱ्याला माहीत आहे. बाकीच्यांना सांगितलं की रात्रीचं जेवण सोडलं आणि चालायला लागले. इंजेक्शनचं पेन फ्रिजमध्ये श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात ठेवते, वर 'मेथीदाणे' अशी चिठ्ठी. आता माझं ऐकून जावेनं तीन महिने रात्रीचं जेवण बंद केलंय. पहाटे साडेपाचला चालायला जाते. ७२ किलोची साडेसत्तर झाली, बस्स. परवा ओट्यापाशी चक्कर येऊन खाली बसली आणि म्हणाली, 'वहिनी, तुमच्यासारखी जिद्द माझ्यात नाहीच.' तेव्हापासून माझी झोप उडाली आहे. तिला सांगू का? सांगितलं तर सगळे म्हणतील, पैसे टाकून बारीक झाली."
— डोंबिवलीची मोठी जाऊ

अगं, तुझ्याहून दहा वर्षांनी मोठी आहे, म्हणून अगं-तुगं करते.

मेथीदाण्यांची चिठ्ठी वाचून आधी हसले. मग गप्प झाले, कारण माझं पेन भाजीच्या कप्प्यात कोथिंबिरीच्या पिशवीखाली असायचं. होय, मीही घेते, गेल्या ऑगस्टपासून. साखर आणि ९१ किलो, दोन्ही घेऊन डॉक्टरांकडे गेले होते. त्याआधी वीस वर्षं सगळं करून झालं होतं: गरम पाण्यात मध, ज्वारीची भाकरी, सोमवार, चतुर्थी. (सोमवारी साबुदाण्याची खिचडी, वर शेंगदाण्याचा कूट. वजन कशाला उतरतंय!) चार वाजले की चिवड्याचा डबा डोक्यात वाजायला लागायचा. पोट भरलेलं असलं तरी वाजायचा. इंजेक्शन सुरू झाल्यावर कधीतरी तो वाजायचा थांबला. दिवाळीच्या चकल्या होळीला डब्यात सापडल्या, खवट झालेल्या. माझ्या घरात चकली खवट व्हायला आजवर सवडच मिळाली नव्हती. डबा हातात घेऊन मी ओट्यापाशी उभी राहिले आणि मला रडू आलं. कशाचं, ते अजून नीट सांगता येत नाही. आनंद होता, आणि रागही होता. इतकी वर्षं मी स्वतःला हावरट म्हणत आले होते.

म्हणून तुझ्या पत्रातलं 'जिद्द' हे एकच वाक्य मला टोचलं.

या औषधाचा मोठा अभ्यास २०२१ साली प्रसिद्ध झाला. एका गटाला सेमाग्लुटाइड दिलं, दुसऱ्या गटाला नुसतं दिखाऊ इंजेक्शन. आहार आणि व्यायामाचं मार्गदर्शन मात्र दोन्ही गटांना होतं. ६८ आठवड्यांनी औषधवाल्यांचं वजन सरासरी सुमारे १५ टक्के उतरलं होतं. दुसऱ्या गटाचं? २.४ टक्के. आता जावेचा हिशोब कर. ७२ मधले दीड किलो म्हणजे दोन टक्के. शिकवणारी माणसं हाताशी असलेल्यांना सव्वा वर्षात जेवढं जमलं, जवळजवळ तेवढं तिनं एकटीनं, उपाशी राहून, तीन महिन्यांत केलंय. आणि ती स्वतःला नापास समजते, कारण तू तिला चुकीची पट्टी दिलीस.

तेव्हा हो, तिला सांग.

फक्त तिलाच. सोसायटीतल्या बायका, ऑफिस, लग्नात भेटणाऱ्या मावश्या यांचं तू काही देणं लागत नाहीस. 'डॉक्टरांचं औषध चालू आहे' म्हण आणि पुढचा विषय काढ. सासूबाईंनाही आज सांगायलाच हवं असं नाही. जावेची गोष्ट वेगळी, कारण ती तुझ्या थापेवर रोज रात्री उपाशी झोपते.

'पैसे टाकून बारीक झाली' असं कुणी म्हणेलही. म्हणू दे. वेगोव्ही, म्हणजे वजनासाठीचं सेमाग्लुटाइडचंच इंजेक्शन, जून २०२५ मध्ये आपल्याकडे आलं तेव्हा सुरुवातीच्या डोसलाच महिन्याला सतरा हजारांच्या वर पडायचे. पैसे गेलेतच, त्यात खोटं काय? पण पैसे टाकून मळमळ जात नाही, हे त्यांना कुठे ठाऊक? पहिले दोन महिने फोडणीच्या वासानं मी खिडकीशी जाऊन उभी राहायचे. बद्धकोष्ठ वेगळंच. गिरणीतून पाच किलोचं दळण आणताना जिन्यात दोनदा टेकले, तेव्हा डॉक्टर म्हणाले, चरबीबरोबर स्नायूही उतरतायत. आता सकाळी दोन अंडी, रात्री मुगाचं धिरडं आणि ओट्याला धरून वीस उठाबशा. तुझ्या पत्रात यातलं काहीच नाही. नुसतं कमी खात असशील तर हे आजच मनावर घे.

सांगितल्यावर पाचव्या मिनिटाला जाऊ म्हणेल, 'वहिनी, एक मला टोचा ना.' तिथे मात्र कठोर हो. तुझं पेन तुझं. तिच्या माहेरी कुणाला थायरॉइडचा विशिष्ट प्रकारचा कॅन्सर झालाय का, तिला पित्ताशयाचे खडे किंवा स्वादुपिंडाचा त्रास होऊन गेलाय का, साखरेच्या गोळ्या चालू आहेत का, मूल व्हायची शक्यता आहे का, हे सगळं विचारून मगच डॉक्टर ठरवतात. तिला इंजेक्शन लागेलच असंही नाही. तिला आधी रात्रीचं जेवण लागतं. आणि चक्कर आली म्हणजे हिमोग्लोबिन, साखर, थायरॉइड या तपासण्या या आठवड्यातच. तू सोबत जा, पैसे तू भर.

तू विचारलं नाहीस, पण विचारशील म्हणून सांगते: मनानं बंद करू नकोस. औषध थांबवल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनातलं दोन तृतीयांश परत आल्याचं याच अभ्यासातल्या लोकांमध्ये दिसलं. कमी डोस, लांबलेलं अंतर, दुसरं औषध, जे काही करायचं ते डॉक्टरांशी बोलून. खर्चाचंही त्यांच्याशी मोकळेपणी बोल. सेमाग्लुटाइडचं पेटंट भारतात मार्च २०२६ मध्ये संपलं, त्यामुळे पर्याय वाढतात. आणि उद्या दाताची किंवा कसलीही शस्त्रक्रिया निघाली, तर भूल देणाऱ्या डॉक्टरांपासून हे अजिबात लपवायचं नाही. या औषधानं पोट उशिरा रिकामं होतं. तिथे मेथीदाण्यांची चिठ्ठी जिवावर बेतेल.

सांगायचं कसं? भाषण नको. माफीही दहा वेळा मागू नकोस, नाहीतर तिलाच तुझी समजूत काढत बसावं लागेल. ती चिडेल. दोन दिवस बोलणार नाही. तीन महिन्यांच्या पहाटा गेल्यात तिच्या, चिडू दे.

इंजेक्शनचा वार कोणता ते तू लिहिलं नाहीस. त्या दिवशी तिला वर बोलाव, चहा टाक, आणि तिच्यासमोर फ्रिजमधून तो श्रीखंडाचा डबा काढ.