आधी हिशेब मांड, मग कार्यकारिणी

प्रिय पोरी,

सप्रेम जिंदाबाद.

तुझा लांबलचक मेसेज काल रात्री दोनदा वाचला. संघटनेला नवं नाव, नवं बोधचिन्ह, नवी कार्यकारिणी, पंचायत समितीच्या प्रत्येक गणाला प्रमुख, आणि शेवटी प्रश्न : "ताई, पक्ष नोंदवू की संस्था?" एवढ्या मोठ्या मेसेजमध्ये एक गोष्ट कुठेच सापडली नाही. लोकांकडून जमवलेल्या पैशांचा हिशेब.

23 नोव्हेंबर 2024 ला विधानसभेचा निकाल लागला. वैध मतांच्या एक षष्ठांश मतं आपल्याला मिळाली नाहीत, 10,000 रुपयांची अनामत गेली. गेली तर गेली. निकालानंतर 30 दिवसांत उमेदवाराने खर्चाचा तपशील जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडे द्यायचा असतो, नाहीतर आयोग तीन वर्षांसाठी अपात्र ठरवू शकतो. ते कागद तू वेळेत देशील, त्याची मला काळजी नाही. मी म्हणते तो हिशेब वाडीवर बसून द्यायचा आहे, आणि तो देण्याची सक्ती कुठलाच कायदा करत नाही. म्हणूनच तो राहून जातो.

तुमची पावतीपुस्तकं मी पाहिली आहेत. 50 रुपये, 20 रुपये. एका स्थळप्रतीवर रकमेच्या जागी 'तांदूळ 1 पायली' लिहिलंय आणि खाली अंगठा आहे. समोरून पाकिटं वाटली जात असताना त्या बाईने घरातला तांदूळ मोजून दिला. तिला त्या तांदळाचं काय झालं ते आधी सांग. प्रचाराला आलेल्या पोरांच्या जेवणात गेला असेल, तर तसं सांग. नवं नाव, नवं बोधचिन्ह हे सगळं तिच्यानंतर.

मोठ्या पक्षांना हे करावं लागत नाही, कारण त्यांचा पैसा वरून येतो. आपला खालून येतो. ज्याचे पैसे, त्याला जाब विचारायचा हक्क. हा हक्क लोकांना वापरायला मिळाला तर संघटना त्यांची होते, नाहीतर ती तुम्हा पाचसात जणांची राहते आणि 'पोरांनी पैसे खाल्ले' एवढं एकच वाक्य गावात उरतं. ते वाक्य पुसायला पुढच्या दोन निवडणुका पुरत नाहीत.

नोंदणीचं थोडक्यात सांगते. संस्था, म्हणजे सार्वजनिक न्यास, केलीस तर निवडणूक लढवणं तिच्या उद्देशात बसत नाही. पक्ष करायचा तर दिल्लीला निवडणूक आयोगाकडे अर्ज, किमान 100 मतदार सभासद आणि त्यांची प्रतिज्ञापत्रं. हे सहा महिन्यांनी केलंस तरी काही बिघडत नाही. तुझी मुलं तर आत्तापासून जिल्हा परिषदेच्या गटाच्या तिकिटावर भांडतायत! त्यांना विचार, आपल्या बूथवर किती मतं पडली ते ठाऊक आहे का? मतदान संपल्यावर आपल्या एजंटांना फॉर्म 17सीची, म्हणजे बूथवर एकूण किती मतदान झालं त्या नोंदीची, प्रत मिळाली असेल, ती गोळा कर. फॉर्म 20 मध्ये, म्हणजे निकालाच्या तक्त्यात, प्रत्येक उमेदवाराचे बूथनिहाय आकडे येतात, ते शेजारी ठेव. कुठे तुम्ही तीनदा गेलात आणि मतं पडली नाहीत, कुठे एकदाही गेला नाहीत आणि तरी पडली, हे वाचून दाखव. हाही हिशेबच.

हरल्यावरच संघटना मोडतात असं समजू नकोस. संयुक्त महाराष्ट्र समितीने 1957 ला काँग्रेसला पश्चिम महाराष्ट्रात पाणी पाजलं, 1 मे 1960 ला राज्य मिळवलं, आणि 1962 ला काँग्रेसने विधानसभेच्या 264 पैकी 215 जागा घेतल्या. मागणी पुरी झाली आणि समितीतले पक्ष आपापल्या वाटेने गेले. उलट रायगडमधल्या पेणला बघ. 21 सप्टेंबर 2008 ला महामुंबई सेझवर, म्हणजे विशेष आर्थिक क्षेत्रासाठी जमीन द्यायची की नाही यावर, 22 गावांत सरकारला शेतकऱ्यांचं मत घ्यावं लागलं. तिथे कोणी आमदार व्हायला उभा नव्हता. जमीन हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातली आहे, हे घराघरात पाठ होतं. ज्या माणसाला आपलं काय पणाला लागलंय ते नेमकं माहीत असतं, तो रांगेत उभा राहतोच.

तू म्हणशील, ताईचं हे जुनंच तुणतुणं. हो, जुनंच आहे. आमच्या संघटनेत डिझेलच्या पावत्यांशिवाय मी जमाखर्चावर सही केली नव्हती. ज्यांनी मला या कामात आणलं तेच दुखावले आणि निम्मी माणसं घेऊन गेले. बाईला माणसांपेक्षा कागद प्यारा, असं तालुकाभर बोललं गेलं. त्यांच्या घरी मला पुन्हा कोणी चहा विचारला नाही आणि आता ते हयातही नाहीत. ही सल जात नाही. पण ती सही मी आजही करणार नाही. त्या डिझेलचे पैसे मीठ-मिरची विकणाऱ्या बायांनी दिले होते. त्यांच्यापुढे मी कुठल्या तोंडाने उभी राहिले असते? राहिलेल्या निम्म्यांवर आम्ही पुढे रेशनचा लढा लढवला, वर्गणी मागायला गेलो तेव्हा कोणी दार लावलं नाही.

तुझी मुलं थकलीत, दोघं तर निवडून आलेल्यांच्या कार्यालयात जाऊन बसतायत, हे मला कळतं. त्यांच्यावर चिडू नकोस, घरी जाऊन ये. पण त्यांच्याकडची पावतीपुस्तकं मात्र परत आण. कोरी पानंसुद्धा मोजून घे.

आणि हे सगळं याच आठवड्यात कर. भातकापणी, झोडणी उरकली आहे. कातकरवाडीतल्या निम्म्या घरांनी मुकादमाकडून उचल घेतलेली असणार, ती माणसं वीटभट्ट्यांवर निघाली की थेट पावसाच्या तोंडावर परततील. तालुक्याच्या हॉलमध्ये जानेवारीत मेळावा घेऊन त्यांच्या माघारी हिशेब मंजूर करून घेशील, तर मी त्या मेळाव्याला येणार नाही. पहिली बैठक वाडीवर घे, संध्याकाळी, स्वयंपाक उरकल्यावर. शिल्लक किती, देणं किती, मंडपवाल्याचे किती थकलेत, मोठ्याने वाच. कोणी आवाज चढवला तर चढवू दे. काही घरं आधीच गेली असतील तर भट्टी कुठली ते विचारून घे, तिथे आपण दोघी जाऊ.

दिवस ठरला की फोन कर, मेसेज नको.

तुझी,
ताई