पदवी हाती आली, आता शिकायचं कोणाकडे?

क्लिनिकल सायकॉलॉजीचं शिक्षण संपवून कोकणात काम करू पाहणाऱ्या, किंवा कोकणातून बाहेर पडलेल्या वाचकांचे चार प्रश्न या वेळी घेतले आहेत.

प्रश्न : साय.डी. (क्लिनिकल सायकॉलॉजीतली डॉक्टरेट) पूर्ण झालं, भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांकही आला. पुण्यातल्या एका मोठ्या रुग्णालयात ‘फेलो’ म्हणून वर्षभराची जागा मिळते आहे. इकडे जिल्ह्यात कंत्राटी जागा निघाली आहे. घरचे म्हणतात, नाव मोठं तिकडे जा. काय बघून ठरवू? (चिपळूण)

नाव जरा बाजूला ठेवा आणि दोन्ही ठिकाणी एकच गोष्ट विचारा. माझ्या केसेस घेऊन माझ्यासोबत कोण बसणार, आणि आठवड्याला किती तास?

अमेरिकेत पोस्टडॉकच्या (डॉक्टरेटनंतरच्या प्रशिक्षणाच्या) जागांसाठी निकष ठरवणारी अॅपिक ही संस्था आठवड्याला किमान दोन तास एकास-एक सुपरव्हिजन (अनुभवी तज्ज्ञासोबत बसून आपल्या केसेस तपासणं) मागते, आणि शिवाय दोन तास शिकण्याचे इतर कार्यक्रम. तो नियम आपल्याकडे लागू नाही, पण माप म्हणून तो हाताशी ठेवा. ‘सर राउंडला असतातच, काही अडलं तर विचारायचं’ हे उत्तर म्हणजे सुपरव्हिजन नाही. अडलं आहे हेच ज्याला कळत नाही, तोच पहिल्या वर्षी सगळ्यात जास्त चुकतो. म्हणून ठरलेला वार, ठरलेली वेळ आणि सुपरव्हायझरचं नाव नेमणूकपत्रात लिहून घ्या. तोंडी आश्वासन देणारा माणूस सहा महिन्यांत दुसरीकडे गेला, तर तुमच्या हाती काहीच उरत नाही.

दुसरी चौकशी आधीच्या फेलोकडे करा, विभागप्रमुखांकडे नको. दिवसाला किती चाचण्या करायला लावतात ते विचारा. बुद्धिमापन, व्हीएसएमएस (मुलाची सामाजिक परिपक्वता मोजणारी चाचणी), पालकांची मुलाखत आणि अहवाल असं सगळं धरलं तर एका मुलाला तीन तास तरी जातात. दिवसाला पाच-सहा अहवाल मागणारी जागा तुम्हाला काही शिकवणार नाही. तिथे चाचणी उरकायची सवय लागते, आणि ती सवय पुढे सुटता सुटत नाही.

तिसरं, केसेस कोणत्या मिळतील. साय.डी.मध्ये जे कमी पाहिलंत ते जिथे मिळेल तिथे जा. रत्नागिरीचं प्रादेशिक मनोरुग्णालय हे ठाणे, येरवडा आणि नागपूर यांच्याबरोबरचं राज्याचं जुनं मनोरुग्णालय आहे. अशा ठिकाणी वर्षानुवर्षांचा स्किझोफ्रेनिया, घरी परतणं, पुनर्वसन हे जवळून दिसतं. स्वमग्नता, अध्ययन अक्षमता, मंत्रचळ, पॅनिक हे मेडिकल कॉलेजच्या ओपीडीत जास्त येतं. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या जागेवर तालुक्याच्या शिबिरांत एका दिवसात सगळ्याच तऱ्हा समोर येतात, पण तोच पेशंट पुन्हा येईल याची खात्री नसते. आठ-दहा सेशनची पूर्ण थेरपी शिकायची असेल तर आठवड्यातला एक दिवस एकाच जागी बसण्याची परवानगी आधीच मागा.

कंत्राटी जागेचे आदेश बहुधा अकरा महिन्यांचे निघतात. प्रत्येक आदेशाची प्रत जपा आणि दर अकरा महिन्यांनी अनुभव प्रमाणपत्र त्याच वेळी घ्या. त्यावर पद, तारखा, आठवड्याचे तास आणि कामाचं स्वरूप (मूल्यमापन, थेरपी, समूहकाम) हवं. नुसतं ‘समाधानकारक काम केले’ असं लिहिलेला कागद पुढच्या मुलाखतीत कामाला येत नाही.

आमचं मत विचाराल तर जिल्ह्यातली जागा घ्या, मात्र बाहेरचा सुपरव्हायझर स्वतः फी देऊन ठरवा. पहिल्या वर्षी थेरपीच्या दर आठ-दहा तासांमागे एक तास सुपरव्हिजन, आणि पंधरा दिवसांतून एक सेशन पेशंटच्या लेखी संमतीने रेकॉर्ड करून ऐकवणं. आठवणीतून सांगितलेली केस नेहमी आपल्याला सोयीची निघते. रेकॉर्डिंगमध्ये आपण पेशंटचं वाक्य कुठे तोडलं ते ऐकू येतं. पुण्याच्या जागेत वर म्हटलेलं सगळं लेखी मिळत असेल, तर अर्थातच पुणं.

प्रश्न : मी मानसशास्त्रात एम.ए. आणि नंतर पीएच.डी. केली आहे, विषय शालेय मुलांमधील परीक्षेची चिंता. दापोलीत क्लिनिक उघडून ‘क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट’ अशी पाटी लावता येईल का? (दापोली)

नाही. ‘डॉ.’ लावता येईल, ‘क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट’ लावता येणार नाही. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम २०१७ ने या शब्दाची व्याख्याच केली आहे. पुनर्वास परिषदेने मान्य केलेली क्लिनिकल सायकॉलॉजीची पदवी, किंवा एम.ए.नंतर दोन वर्षांचं पूर्णवेळ, देखरेखीखालच्या प्रशिक्षणासह केलेलं परिषदमान्य एम.फिल. संशोधनाची पीएच.डी. कितीही चांगली असली तरी तिच्यात ते प्रशिक्षण येत नाही. त्याखेरीज पुनर्वास परिषद कायदा १९९२ प्रमाणे परिषदेच्या नोंदवहीत नाव असावं लागतं, आणि नोंदणीशिवाय पुनर्वसन व्यावसायिक म्हणून काम केल्यास शिक्षेची तरतूद आहे.

समुपदेशन करायचं असेल तर पाटीवर ‘समुपदेशक’ लिहा आणि कामाची हद्द ओळखा. निदान, दिव्यांग प्रमाणपत्रासाठीच्या चाचण्या, आत्महत्येचा धोका असलेल्या पेशंटला एकट्याने सांभाळणं हे त्या हद्दीबाहेरचं आहे. महाविद्यालयात शिकवायचं असेल तर नेट किंवा सेट लागेल का, हे तुमची पीएच.डी. कोणत्या नियमांखाली झाली यावर ठरतं. विद्यापीठाकडून तसं प्रमाणपत्र घेऊन ठेवा.

आणि अजून क्लिनिकलकडे वळायची इच्छा असेल तर एक लक्षात घ्या. विद्यापीठ अनुदान आयोगाने एम.फिल. बंद केलं, फक्त क्लिनिकल सायकॉलॉजी आणि सायकिअॅट्रिक सोशल वर्कसाठी त्याची वैधता २०२५-२६ या शैक्षणिक वर्षापर्यंत वाढवली. पुढची वाट साय.डी.सारख्या परिषदमान्य अभ्यासक्रमांची. कुठलीही जाहिरात वाचून फी भरू नका. परिषदेची मान्यता संस्थेला कायमची नसते, ठराविक सत्रांसाठी असते. तुम्ही ज्या वर्षी प्रवेश घेणार त्या वर्षीच्या यादीत संस्था आहे का ते पाहा, त्या पानाची छापील प्रत तारखेसह ठेवा.

प्रश्न : कुडाळला दोन दिवस आणि सावंतवाडीला तीन दिवस बसते. सुपरव्हायझर बंगळुरूच्या, व्हिडिओवर. पेशंट मालवणीत बोलतात, मी ते मॅडमना इंग्रजीत सांगते, आणि कुठेतरी काहीतरी हरवतं. चाचण्यांचंही तेच. (सावंतवाडी)

तुम्हाला जे हरवल्यासारखं वाटतं ते खरंच हरवतं आहे, आणि ते शोधता येतं.

एखादी बाई म्हणते, ‘माका कायच गोड लागणा नाय.’ तुम्ही भूक कमी असं लिहिलंत तर बंगळुरूला फक्त भूक पोचते. ती जेवणाबद्दल बोलते आहे की सगळ्यातूनच मन उडाल्याबद्दल, हे तिथेच विचारायला हवं. ‘जेवण, की माणसां, कामां, सण, कशातच?’ दोन्ही उत्तरांचा उपचार वेगळा. म्हणून नोंद करताना पेशंटचं वाक्य मालवणीतच, अवतरणात लिहा, खाली तुमचा अर्थ लिहा, आणि सुपरव्हिजनमध्ये दोन्ही वाचून दाखवा. मॅडमना मालवणी येत नसली तरी तुमचा अर्थ कुठे घाईने लावला गेला हे त्यांना दिसेल.

‘भायरचा कायतरी लागला’ हे वाक्य आलं की लगेच संशयभ्रम म्हणून खूण करू नका. घरातल्या बाकीच्यांचीही तीच समजूत असेल तर ती श्रद्धा आहे. समजुतीच्या पलीकडे जाऊन पेशंट एकट्यानेच काही वेगळं, न हलणारं सांगत असेल तर ते लक्षण. आणि पहिल्याच भेटीत, चेहऱ्यावर काही न दाखवता, विचारा : देवाला कौल लावलात का, काय आलं? गाऱ्हाणं घातलंत का? हे विचारायचं कारण अगदी व्यवहाराचं आहे. कौलात ‘गोळ्या थांबवा’ असा अर्थ घरच्यांनी लावला असेल तर चौथ्या दिवशी औषध बंद होतं आणि तुम्हाला ते महिन्याने कळतं. विचारलंत तर ‘गाऱ्हाणं आणि गोळी दोन्ही चालू राहू देत’ हा तह करता येतो, आणि मनोविकारतज्ज्ञांना तेच त्याच दिवशी कळवता येतं.

चाचण्यांचं. बिने-कामत चाचणी मराठी आणि कन्नड मुलांसाठीच बेतलेली आहे, तरी तिचे मानदंड (ज्यांच्याशी मुलाचे गुण ताडून पाहतात ते आकडे) आता खूप जुने आहेत. मानदंड जुने असले की गुण फुगतात, आणि सीमारेषेवरच्या मुलाला मिळायला हवी ती मदत हुकते. म्हणून एका आकड्यावर अहवाल उभा करू नका. व्हीएसएमएस करा, शाळेच्या वह्या मागवा, मूल एकटं दुकानात जाऊन सुटे पैसे परत आणतं का ते विचारा. सूचना मालवणीत पुन्हा सांगायला हरकत नाही, पण प्रश्नाचा शब्द बदललात तर तो प्रश्न मूळ चाचणीतला राहत नाही. कुठे काय सांगितलं ते अहवालात लिहा.

गोपनीयतेकडे जास्त लक्ष द्या, गाव लहान आहे. दोन पेशंटमध्ये पंधरा मिनिटं मोकळी ठेवा म्हणजे वाडीतली दोन माणसं बाकावर समोरासमोर येणार नाहीत. पहिल्याच भेटीत सांगा, की इथलं बाहेर जाणार नाही, अपवाद दोन : जिवाला धोका असेल तर, आणि मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर. पॉक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे ते कळवणं बंधनकारक आहे. रात्री कोणाला फोन करायचा ते कागदावर लिहून द्या : जवळचं रुग्णालय, मनोविकारतज्ज्ञ आणि टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६. पावसाळ्यात वीज आणि नेटवर्क जातं, तेव्हा व्हिडिओ सेशन तुटलं तर कोण कोणाला फोन करणार हेही आधीच ठरवा. गणपती आणि शिमग्याला वेळा रिकाम्या राहतील असं समजू नका. मुंबईचे चाकरमानी घरी आलेले असतात, उपचाराचा निर्णय तेच घेतात. त्या आठवड्यात दोन वेळा नव्या कुटुंबांसाठी राखून ठेवा.

प्रश्न : मुलगी अमेरिकेत क्लिनिकल सायकॉलॉजीत पीएच.डी. करते आहे, पुढच्या वर्षी इंटर्नशिप. नंतर पोस्टडॉक करून परत यायचं म्हणते. आत्तापासून काय बघावं? (अलिबाग)

आधी व्हिसा. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर पूर्णवेळ सीपीटी (अभ्यासक्रमाचा भाग म्हणून काम करण्याची परवानगी) बारा महिने किंवा जास्त वापरली की त्याच पदवीवरची ओपीटी (विषयाशी निगडित काम करण्याची परवानगी, बहुधा पदवीनंतर वापरतात ती) मिळत नाही, आणि इंटर्नशिप बहुधा वर्षभराचीच असते. तारखा कशा लिहायच्या हे तिने विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाकडून इंटर्नशिपच्या आधीच ठरवून घ्यावं. ओपीटी बारा महिन्यांची. क्लिनिकल सायकॉलॉजी स्टेमच्या (विज्ञान-तंत्रज्ञान विषयांच्या) यादीत नसल्याने ओपीटीला वाढ नाही. न्यूरोसायकॉलॉजीचं पोस्टडॉक दोन वर्षांचं असतं, म्हणजे दुसऱ्या वर्षी एच-१बी हा नोकरीचा व्हिसा मिळवून देणारी संस्था लागेल. विद्यापीठाशी जोडलेली रुग्णालयं बहुधा त्या व्हिसाच्या वार्षिक मर्यादेबाहेर असतात, ती आधी शोधावीत. व्हेटरन्स अफेअर्सच्या (माजी सैनिकांच्या सरकारी रुग्णालयांतल्या) जागांना अमेरिकी नागरिकत्व लागतं, तिथे अर्जात वेळ घालवू नये.

पोस्टडॉकचे तास राज्यावर अवलंबून असतात. कॅलिफोर्नियात एकूण ३,००० तास, त्यातले किमान १,५०० डॉक्टरेटनंतरचे. काही राज्यांत पोस्टडॉकचे तास लागतच नाहीत. परवान्याच्या ईपीपीपी परीक्षेत २२५ प्रश्न, वेळ सव्वाचार तास. परत यायचं असलं तरी ती देऊन यावं. परीक्षेची तयारी ताजी असते तेव्हाच ती सोपी जाते.

परत आल्यावर इथे पुनर्वास परिषदेची नोंदणी लागेल, आणि परदेशी पदवी म्हणून ती वेगळी तपासली जाते. निघण्याआधी विद्यापीठाकडून अभ्यासक्रमाची विषयवार प्रत, प्रॅक्टिकम (शिकत असताना केलेलं प्रत्यक्ष काम) आणि इंटर्नशिपच्या तासांचं सही-शिक्क्याचं पत्र, आणि सुपरव्हायझरचं नाव व परवाना क्रमांक असलेला दाखला घ्यावा. पाच वर्षांनी ई-मेल पाठवला तर सुपरव्हायझर निवृत्त झालेले असतात आणि कार्यालयाला फाइल सापडत नाही.